पाऊस लागायच्या आत मोबाईलची बॅटरी

कोकणात घर असलेल्या माणसाला ३ जून २०२० ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांत लाईट यायला आठवडे लागले. टॉवर बंद, मोबाईल बंद, आणि मुंबईत बसलेल्या पोराबाळांना आईवडील सुखरूप आहेत एवढं कळायलाही वाट बघावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे ताडपत्री, सुकी लाकडं, मीठ-मसाला यांच्या जोडीला मोबाईलच्या बॅटरीचीही बेगमी करायची पद्धत पडली आहे. ही तयारी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात संपवावी. ‘अजून जून लागायचाय’ म्हणून बसू नये. २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता.

सगळ्यात आधी बॅटरीच खराब आहे का, ते बघायचं. निम्म्या लोकांच्या मोबाईलची बॅटरी ठणठणीत असते, ती खातं दुसरंच काहीतरी. रात्री झोपताना मोबाईल पूर्ण चार्ज करा, विमान मोडवर टाका, आकडा कागदावर लिहा आणि सकाळी परत बघा. रात्रभरात दोन-चार टक्केच उतरले तर बॅटरीला दोष देऊ नका. मग विमान मोड काढून तीच रात्र पुन्हा बघा. आता पंधरा-वीस टक्के गेले तर एक तर एखादं ॲप रात्रभर जागं आहे, नाहीतर मोबाईल रेंज शोधून दमतो आहे. डोंगराच्या कुशीतल्या घरांत हे फार होतं. एका काडीवर लटकलेला मोबाईल टॉवरशी बोलायला सतत जोर लावतो आणि नवी बॅटरी टाकली तरी ती तशीच पिऊन टाकतो. तिथे बॅटरी बदलण्यापेक्षा, ज्या कंपनीची रेंज घरात नीट येते तिचं सिम घेणं स्वस्त पडतं.

खराब बॅटरीची लक्षणं वेगळी असतात. तीस टक्के दिसत असताना कॅमेरा उघडला की मोबाईल धाडकन बंद पडतो, चार्जरला लावला की लगेच चाळीस दाखवतो. पंधरा मिनिटांत साठवरून ऐंशीवर उडी मारतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. आयफोनमध्ये सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते. ती ८०च्या खाली गेली की कंपनी स्वतःच बदलायला सांगते. सॅमसंगमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमध्ये तपासणीची सोय आहे. काही नव्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरीची किती आवर्तनं झाली, म्हणजे ती एकूण किती वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली, तेही दिसतं. बाकीच्यांनी वरची रात्रीची परीक्षा घ्यावी, ती पुरते.

एका बाबतीत मात्र परीक्षा बिरीक्षा काही नको. मोबाईल उजेडात आडवा धरून कडेने बघा. स्क्रीन आणि चौकट यांच्यात फट पडली असेल, मागचं झाकण पोटासारखं वर आलं असेल, सपाट फरशीवर ठेवून टिचकी मारल्यावर मोबाईल गरगर फिरत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो मोबाईल त्याच क्षणी बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, आणि ‘टाचणीने हवा काढतो’ म्हणणाऱ्या भाच्याच्या हातात तर अजिबात द्यायचा नाही. आत साठलेला वायू सुटला की काम झालं, असं ते प्रकरण नसतं. टाचणीने आतले थर एकमेकांना टेकले की पेट घेतो.

बदलायची ठरली तर दुकानात जाण्याआधी बॅटरीवर काय लिहिलेलं असतं ते समजून घ्या, कारण फसवणूक सगळी तिथेच होते. लेबलवर बॅटरीचा स्वतःचा मॉडेल नंबर असतो, तो मोबाईलच्या नावापेक्षा वेगळा असतो. एकाच नावाच्या मोबाईलच्या फोर-जी आणि फाइव्ह-जी आवृत्त्यांत बॅटरी वेगळी असू शकते, म्हणून नंबर जुळवायचा तो अक्षर न् अक्षर. त्याखाली क्षमता एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप), बहुधा दोन आकड्यांत: किमान ४९००, सरासरी ५००० अशी. मग व्होल्टेज, ३.८५ च्या आसपास. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते जी कोणी वाचत नाही: चार्जिंगची कमाल मर्यादा, ४.४ किंवा ४.४५ व्होल्ट. माझ्या मते अख्ख्या लेबलवर हीच ओळ सर्वांत महत्त्वाची. तुमचा मोबाईल बॅटरीला ४.४ व्होल्टपर्यंत भरणार हे त्याच्या सर्किटमध्ये ठरलेलं आहे. आतला सेल जुन्या धाटणीचा, ४.२ व्होल्टचा असेल, तर मोबाईल त्याला रोज रात्री गळ्यापर्यंत कोंबणार. पहिले दोन महिने बॅटरी झकास चालल्यासारखी वाटेल आणि मग फुगेल. स्वस्त बॅटऱ्या लवकर फुगतात त्याचं हेही एक कारण.

लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांकही असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते दिसतं. दुकानदाराला राग येतो, येऊ द्या. बॅटरीवर नाव एकाचं आणि नोंदणी भलत्याचीच निघाली तर दुकान बदला.

आता ‘जास्तीची पॉवर’ या मोहाविषयी. मागचं झाकण नखाने उघडायचं अशा मोबाईलच्या जमान्यात दुप्पट जाडीची बॅटरी आणि तिच्याबरोबर कुबड आलेलं नवं झाकण मिळायचं. ते प्रामाणिक काम होतं: जागा वाढवली, म्हणून साठा वाढला. आजच्या बंद मोबाईलमध्ये बॅटरीचा खड्डा ठरलेला असतो. मूळ ४००० एमएएचच्या जागेत तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच वजनाची बॅटरी ६५०० म्हणून कोणी देत असेल तर वाढली आहे ती फक्त छपाई. काही नव्या मोबाईलमध्ये सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्या आल्यामुळे त्याच जाडीत ६०००च्या वर आकडे दिसतात हे खरं. पण तो सगळा मोबाईलच तसा बांधलेला असतो, जुन्यात ती टाकता येत नाही. तेव्हा नियम सोपा ठेवा: आत मूळ क्षमतेचीच चांगली बॅटरी, आणि वाढीव साठा हवा तो बाहेर, पॉवरबँकेत.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावी असेल तर दुसरीकडे जाऊ नका, दोन पैसे जास्त गेले तरी. पण सहा-सात वर्षांच्या मोबाईलची बॅटरी तिथे बहुधा मिळत नाही, आणि मग मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली गाठावी लागते. तिथे ‘ओरिजिनल आहे का’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही, सगळंच ओरिजिनल असतं. ‘कधीची आहे’ हे विचारा. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी खोक्यात पडल्या पडल्या म्हातारी होते, आणि उन्हाने तापलेल्या पोटमाळ्यावर तर भराभर. मोबाईल बाजारात आला त्याच साली बनलेली ‘कंपनीची’ बॅटरी कोरी दिसत असली तरी तिचं निम्मं आयुष्य संपलेलं असू शकतं. बनल्याची तारीख वर्षाच्या आतली असेल तर चांगल्या त्रयस्थ कंपनीची बॅटरीही मी पसंत करीन.

बॅटरी बसवायला जायच्या आदल्या रात्री फोटो आणि नंबर गूगल खात्यावर किंवा संगणकावर चढवून ठेवा. सकाळच्या वेळी जा, दुकानदाराची घाई सुरू व्हायच्या आत. मोबाईल पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरलेला असावा, कारण उघडताना चुकून पातं लागलं तर भरलेली बॅटरी जास्त भडकते. सिम आणि मेमरी कार्ड काढून खिशात ठेवा. लॉकचा नंबर पाटीवर लिहून द्यायची पद्धत आहे, ती पाळू नका. बॅटरी बदलायला लॉक उघडावं लागत नाही, तपासताना तुम्ही स्वतः उघडा. सॅमसंगसारख्या काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, तो चालू केला की तुमचे फोटो आणि बँकेची ॲप झाकलेली राहतात. शक्य असेल तर समोर बसूनच काम करून घ्या. जुनी बॅटरी चिकटपट्टीने घट्ट बसवलेली असते. चांगला कारागीर मागची बाजू गरम करतो, चिकटपट्टी हळूहळू ओढतो, नाहीतर थोडं स्पिरिट सोडतो. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटणारा दिसला तर हात धरा. नवी बॅटरीही चिकटवूनच बसवायला लावा, कारण आत खुळखुळणारी बॅटरी पुढे तारेवर ताण देते.

पैसे देण्याआधी दुकानातच लावून बघा: चार्जिंग घेतो का, कानाला आवाज येतो का, मागचा कॅमेरा फोकस करतो का, बोटाचा ठसा ओळखतो का, थरथरतो का. झाकण उघडताना यातलंच काहीतरी निसटतं. दहा मिनिटं चार्जिंगला लावून पाठीला हात लावा, कोमट चालेल, चटका नको. पावतीवर बॅटरीचा नंबर आणि किती महिन्यांची हमी ते लिहून घ्या. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: उघडलेल्या मोबाईलचं पाण्यापासूनचं मूळ संरक्षण गेलं असं धरून चाला. पावसाळ्याच्या तोंडावर याचा अर्थ एवढाच की झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी घ्या. जुनी बॅटरी घरी आणलीत तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून सर्व्हिस सेंटरच्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाका. चुलीत किंवा उकिरड्यावर नको.

पॉवरबँकेचा हिशेब लोकांना नेहमी चुकीचा शिकवला जातो. १०,००० एमएएच म्हणजे ५००० एमएएचचा मोबाईल दोनदा भरेल असं वाटतं, पण तसं होत नाही. पॉवरबँकेच्या आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागलं की साठा झाला ३७ वॉट-अवर. तो पाच व्होल्टला चढवताना आणि मोबाईलमध्ये उतरवताना काही भाग उष्णतेत जातो. तुमच्या मोबाईलला लागतात साधारण १९ वॉट-अवर. तर पदरात पडतं ते दीड वेळा. पॉवरबँकेच्या पाठीवर मोठ्या आकड्याखाली ‘रेटेड’ म्हणून दुसरा आकडा असतो, पाच व्होल्टला मोजलेला, सहा हजारांच्या आसपास, तो खरा. तो आकडा छापलेलाच नसेल तर ती घेऊ नका. माझं मत विचाराल तर २०,०००ची एक घेण्यापेक्षा १०,०००च्या दोन घ्या. एक घरात राहते, एक रस्ता साफ झाला की बाजूच्या गावात भरायला जाते. आखातातून येणाऱ्या भावाकडून मागवणार असाल तर त्याला सांगा की पॉवरबँक हातातल्या सामानात ठेवायची, बॅगेत टाकून चेक-इन करायची नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आतली आणायची. २०,०००ची ७४ भरते, तिला अडचण नाही. सोलरवाली पॉवरबँक कोकणच्या पावसात विजेरी म्हणून बरी.

घरात इन्व्हर्टर असेल तर मोबाईलची काळजी करायचं खरं कारण उरत नाही. १२ व्होल्ट १५० एएचच्या (एक एएच म्हणजे हजार एमएएच) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात. जुना ७५ वॉटचा एक पंखा रात्रभर चालला की त्यातले ६०० गेले, म्हणजे तीस मोबाईल. वादळाच्या पहिल्या रात्री कोणी हा हिशेब करत नाही, दुसऱ्या दिवशी सगळे करतात. मोबाईल भरून झाले की इन्व्हर्टरच बंद करा, तो नुसता चालू असला तरी खातो. गाडीतून चार्ज करायची पिन आणि एक जास्तीची केबल डब्यात टाकून ठेवा, बस.

आजीच्या बटणांच्या मोबाईलला विसरू नका, वादळात तोच घराची लाज राखतो. जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी जेमतेम १०२० एमएएचची, पण तिच्यावर तो मोबाईल दिवसेंदिवस चालतो. तिची जास्तीची एक बॅटरी अर्धी चार्ज करून सुक्या डब्यात ठेवावी. फक्त ती फूटपाथवरची नको. २००७ साली याच बीएल-५सीच्या एका उत्पादकाकडच्या तब्बल ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापतात म्हणून नोकियाला बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली होती. नावाजलेल्या कारखान्यात असं होतं, तर शिक्का मारलेल्या नकलेचं काय घ्या.

एरवी मोबाईल ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू ठेवली तर नवी बॅटरी जास्त वर्षं जाते. पण हवामान खात्याचा ऑरेंज इशारा आला की ती मर्यादा काढा आणि मोबाईल, पॉवरबँका, विजेरी सगळं काठोकाठ भरा. बॅटरी वाचवायला ॲप बंद करत सुटाल तेव्हा ‘दामिनी’ला मात्र हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं हे ॲप जवळ वीज पडण्याची सूचना देतं. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा. टॉवर गेला की मोबाईल सरळ विमान मोडवर, नाहीतर नसलेली रेंज शोधण्यातच दुपारपर्यंत बॅटरी बसते. आणि मुंबईच्या मंडळींशी वेळ आत्ताच ठरवून ठेवा: सकाळी आठ ते सव्वाआठ, संध्याकाळी सात ते सव्वासात मोबाईल चालू, रेंज असो वा नसो. मुख्य चार नंबर मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा, कागद पावसात टिकत नाही.