रूपकाच्या सात मात्रांत पियानोचे स्केल

खानदेशात खरा पियानो क्वचितच पाहायला मिळतो. जळगाव, धुळे किंवा अमळनेरच्या घरांत असतो तो ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि तो कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला सर्रास ‘कॅसिओ’ म्हणतात. त्याच्यासमोर बसणारा विद्यार्थीही बहुधा पेटीवरून आलेला असतो. गावच्या भजनी मंडळात त्याने उजव्या हाताने चाली वाजवलेल्या असतात, सरगम त्याच्या तोंडी असते, आणि पियानोचे स्केल म्हणजे आपले बिलावलचे, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचे, आरोह-अवरोहच ना, अशी त्याची समजूत असते. स्वरांपुरती ही समजूत बरोबर आहे. हातांच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते. अशा विद्यार्थ्यासाठी स्केलच्या सरावाची ही पद्धत लिहीत आहे.

फरक दोन आहेत. पेटीचा आवाज भात्याच्या हवेवर अवलंबून असतो, त्यामुळे बोट जोरात पडले काय किंवा हलके पडले काय, स्वर तितकाच मोठा उमटतो. पियानोत पट्टी जितक्या वेगाने खाली जाते तितक्या जोराने हातोडी तारेवर आदळते, आणि बोटांमधली प्रत्येक असमानता ऐकू येते. दुसरे असे, की पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो. पंधरा वर्षे पेटी वाजवलेल्या माणसाचाही डावा हात पट्ट्यांच्या दृष्टीने नवशिका असतो, हे मान्य करूनच सुरुवात करावी.

म्हणून कीबोर्डवर पहिले काम हे, की टच रिस्पॉन्सची, म्हणजे बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होण्याची, सोय असल्यास ती चालू करावी आणि आवाज पियानोचाच निवडावा. हार्मोनियमच्या किंवा ऑर्गनच्या आवाजावर स्केल घोटल्यास निम्मे दोष झाकले जातात आणि ते झाकले गेल्याचे आपल्याला कळतही नाही. कीबोर्ड दिवाणावर ठेवून मांडी घालून वाजवण्याची आपल्याकडची पद्धतही सोडावी. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर येईल इतक्या उंचीवर बसावे. मनगट कसे असावे हे शब्दांत सांगणे अवघड जाते. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईचे हात ज्यांनी निरखले आहेत, त्यांना पोळी हातांवर फिरत मोठी होत असताना मनगटात ताठपणाचा मागमूसही नसतो, हे आठवेल. हवे ते मनगट तेच.

आता बोटांचे क्रमांक. दोन्ही हातांत अंगठा १ आणि करंगळी ५. पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांची C, ‘सा’ मानून (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांचे क्रमांक इथूनच वेगवेगळे मोजायचे) उजव्या हाताने चढताना सा-रे-ग साठी १-२-३, मग अंगठा खालून आणून म-प-ध-नी साठी १-२-३-४, आणि वरच्या सा वर पुन्हा अंगठा. शेवटच्या सप्तकाच्या टोकाला तेवढी करंगळी. उतरताना हाच क्रम उलटा. डाव्या हाताने चढताना सा-रे-ग-म-प साठी ५-४-३-२-१, मग तिसरे बोट अंगठ्यावरून ओलांडून ध-नी-सा साठी ३-२-१, आणि पुढच्या सप्तकात रे वर चौथे बोट.

हे पाठ झाले की एक गोष्ट लक्षात येते. उजवा अंगठा म वर येतो, डावा प वर. दोघे एकत्र भेटतात ते फक्त सा वर. दोन्ही हात एकत्र वाजवताना म-प-ध च्या टप्प्यात जी धांदल उडते ती यामुळेच. पण त्याच स्केलमध्ये दोन ठिकाणी दोन्ही हातांचे तिसरे बोट एकाच वेळी पडते: ग वर आणि ध वर. एकत्र वाजवताना अंगठ्यांची चिंता सोडून या दोन स्वरांवर कान आणि नजर ठेवावी. ग वर आणि ध वर तिसरी बोटे जुळत राहिली, तर मधले बहुतेक आपोआप बसते.

अंगठा हे या सगळ्या सरावाचे मूळ दुखणे असल्यामुळे त्यावर थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. बाकीची बोटे वरून खाली पडतात, अंगठा आडवा सरकतो आणि हाताचे वजन घेऊन आदळतो. त्यामुळे म आणि सा हे दोन स्वर ठसठशीत, आणि त्यांच्या आधीचे ग आणि नी किंचित तोकडे, असे स्केल ऐकू येते. भरधाव वाजवले की ते लंगडते. उपाय साधा आहे. फक्त ग आणि म हे दोन स्वर घ्यावेत आणि ३-१-३-१ असे पुन्हापुन्हा वाजवावेत. नंतर नी आणि वरचा सा घेऊन ४-१-४-१. दुसरे बोट पट्टीवर पडले की अंगठ्याने आपल्या पुढच्या पट्टीच्या दिशेने निघालेच पाहिजे. तिसरे बोट वाजेपर्यंत तो मागे रेंगाळला तर शेवटच्या क्षणी त्याला झेप घ्यावी लागते आणि झेपेचा धक्का स्वरात उतरतो. कोपर मात्र पंखासारखे बाहेर फेकू नये.

याच्या जोडीला एक वेगळा सराव करावा. सा-रे-ग हे तीन स्वर एकदम दाबावेत, हात उचलून म-प-ध-नी हे चार एकदम दाबावेत, मग वरच्या सप्तकातले तीन, असे पुंजके करत वर जावे. कानाला ते कर्कश लागते आणि घरची मंडळी तक्रार करतात, पण यातून हाताची पुढची जागा पक्की होते. द्रुत लयीत अंगठा खरे तर फारसा खाली वळतच नाही. संपूर्ण हातच बाहूच्या साहाय्याने पुढच्या जागी सरकतो. संथ लयीत ज्याने फक्त अंगठा वळवण्याचाच सराव केला, त्याची गती ठरावीक टप्प्यावर अडते, आणि बोटे कमजोर आहेत असे समजून तो बोटांनाच शिणवत राहतो.

लयीच्या सरावासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारे यंत्र, वापरतात. मेल्झेल याने १८१५ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून पियानोच्या विद्यार्थ्याचा तो सोबती आहे. पण तालाच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला त्याची एकसुरी टिकटिक परकी वाटते. त्याऐवजी तबल्याच्या ॲपवर रूपक लावावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि त्यामागे गणित आहे. एका सप्तकात सा पासून नी पर्यंत सात स्वर. मात्रेला एक स्वर या हिशेबाने निघाले तर ‘ती ती ना, धी ना, धी ना’ या सात मात्रांत सात स्वर संपतात आणि वरचा सा बरोबर पुढच्या समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. तिथून परतले की दुसऱ्या आवर्तनाअखेर खालचा सा पुन्हा समेवर. दुगुनीत दोन सप्तके घेतली तर चौदा स्वर सात मात्रांत बसतात; तिगुनीत तीन सप्तकांचे एकवीस, आणि चौगुनीत चार सप्तकांचे अठ्ठावीस. चारही वेळा टोकाचा सा समेवरच. पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्यांवर चार सप्तके आरामात मावतात.

म्हणजे लय एकच ठेवून, क्षणभरही न थांबता, बराबरीत एक सप्तक, दुगुनीत दोन, तिगुनीत तीन आणि चौगुनीत चार अशी जाऊन-येऊन आठ आवर्तने वाजवता येतात. मिनिटाला ६० मात्रांची लय घेतली तर एक आवर्तन सात सेकंदांचे होते आणि सगळी फेरी एका मिनिटाच्या आत संपते. चौगुनीत तेव्हा सेकंदाला चार स्वर पडतात. यात लबाडीला जागा नाही. बराबरीत जो हात सुस्तावतो आणि चौगुनीत जो धावतो, तो समेवर पकडला जातो. सर्वांत जास्त चुका तिगुनीत होतात, कारण तीन-तीनचे गट आणि बोटांचे तीन-चारचे गट एकमेकांत अडकतात. प्रत्येक मात्रेच्या पहिल्या स्वरावर अगदी हलका भार देऊन ते सोडवावे.

सुरुवातीला चौथी पायरी घेऊ नये. एकेका हाताने बराबरी आणि दुगुन, आणि मग दोन्ही हात, एवढ्यात महिना गेला तरी हरकत नाही. लय वाढवण्याचा माझा नियम असा, की लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावरच चार मात्रा वाढवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ मात्रा खालून सुरुवात करावी. काल ८० वर जमलेले आज ८० वर जमत नाही, ही काही अधोगती नाही, रोजचे आहे.

समेची आणखी एक परीक्षा आहे. एक आवर्तन ठेका ऐकत वर जावे, परतीच्या आवर्तनात ॲपचा आवाज कुणाला तरी पूर्ण बंद करायला सांगावे, आणि सम येण्याच्या बेताला पुन्हा चालू करायला सांगावे. बहुतेक जण समेच्या आधी पोहोचतात. अवरोहात हात घाई करतो, हे मी जवळपास प्रत्येक विद्यार्थ्यात पाहिले आहे.

आता एकसारखेपणाविषयी. या एका शब्दात तीन गोष्टी आहेत: स्वरांमधले अंतर, स्वरांचा जोर, आणि एक स्वर दुसऱ्याला कसा जोडला जातो हे. अंतरासाठी लांब-आखूड सराव सर्वोत्तम. सा लांब, रे आखूड, ग लांब, म आखूड असे एकदा चढावे-उतरावे, आणि मग उलट, सा आखूड, रे लांब. आखूड स्वरानंतरची उडी द्रुत लयीतलीच असते, म्हणून प्रत्येक जोडीला वेगाचा एक थेंब मिळतो आणि लांब स्वरावर हात सैल पडायला वेळही मिळतो. तो सैल पडलाच पाहिजे. लांब स्वरावर ताठ थांबून राहिल्यास सगळे फुकट. जोर तपासायचा तर प्रत्येक स्वर तुटक, टिचकी मारल्यासारखा वाजवावा. जोडून वाजवताना लपणारी दुबळी बोटे तुटक वाजवताना लगेच उघडी पडतात.

त्यात बहुधा चौथे बोट सापडते. तळहात टेबलावर ठेवून मधले बोट आत दुमडावे आणि अनामिका उचलून पाहावी. ती जेमतेम हलते, कारण हाताच्या पाठीवर तिचा स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या स्नायुबंधांशी जोडलेला असतो. तिला उंच उचलण्याची कसरत करणाऱ्यांनी हात दुखवून घेतले आहेत. प्रसिद्ध पियानोवादक आणि संगीतकार शोपँ तर आपल्या शिष्यांना सांगत असे, की प्रत्येक बोटाची घडण वेगळी आहे आणि ती सगळी सारख्या ताकदीची करू पाहणे हे निसर्गाच्या विरुद्ध जाणे आहे. बोटे सारखी होत नाहीत. स्वर सारखे ऐकू येतील असा हाताचा भार प्रत्येक बोटामागे फिरवत नेता येतो. चौथ्या बोटाच्या वेळी मनगट किंचित करंगळीच्या बाजूला झुकवले की ते काम होते.

शोपँचीच आणखी एक गोष्ट पेटीवाल्यांना पटण्यासारखी आहे. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचे स्केल वाचायला सर्वांत सोपे, पण हाताला सर्वांत अवघड, असे त्याचे मत होते आणि ते तो शेवटी शिकवत असे. अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटे काळी तीन, चार आणि पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर ठेवून पाहावी. लांब बोटे उंच पट्ट्यांवर, आखूड बोटे खालच्या पट्ट्यांवर; हात आपसूक वळणदार बसतो. म्हणून पांढरी एकचे क्रमांक समजले की लगेच पांढरी सातचे मेजर स्केल घ्यावे. त्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात आणि उजव्या हाताचे क्रमांक तेच राहतात. डावा हात मात्र चौथ्या बोटाने सुरू करून ४-३-२-१-४-३-२-१ असा न्यावा. भजनात काळी एक, काळी दोनमध्ये वाजवण्याची सवय असणाऱ्यांना काळ्या पट्ट्यांची भीती नसतेच; पियानो शिकताना ती उगीच लावून घेऊ नये.

डाव्या हातासाठी विरुद्ध दिशेचा सराव उपयोगी पडतो. दोन्ही अंगठे मधल्या सा वर ठेवून उजव्याने चढावे आणि डाव्याने उतरावे. दोन्ही हातांचे क्रमांक तेव्हा एकच होतात, १-२-३-१-२-३-४, आणि उजव्या अंगठ्याने शिकलेले डावा अंगठा नकळत उचलतो.

वेगासाठी म्हणून वेगळा सराव रोज पाच मिनिटांपेक्षा जास्त करू नये. सा-रे-ग-म हे चार स्वर जमतील तितक्या जलद एका दमात वाजवून म च्या अंगठ्यावर थांबावे, श्वास घ्यावा, मग म-प-ध-नी-सा एका दमात आणि सा वर थांबावे. पुढे थांबे कमी करत दोन तुकडे जोडावेत. मनगटाच्या वर, हाताच्या पुढच्या भागात ओढ जाणवू लागली तर तिथेच उठावे. दुखणे सोसून बोटे तयार होतात ही पहिलवानी समजूत इथे चालत नाही.

सगळे मिळून रोज वीस मिनिटे पुरतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी बसण्यात अर्थ नसतो. घामाने बोटे पट्ट्यांवरून घसरतात आणि कूलरच्या घरघरीत स्वरांचा जोर ऐकूच येत नाही. पहाटेची वेळ धरावी. थंडीत उलट अडचण, तेव्हा पाच मिनिटे कोमट पाण्यात हात धरून मग बसावे.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर चौगुनीची फेरी ध्वनिमुद्रित करावी आणि ती निम्म्या वेगाने ऐकावी. संगणक असेल तर ऑड्यासिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून लहरींचे चित्र पाहावे: शिखरांची उंची म्हणजे जोर, त्यांमधली जागा म्हणजे अंतर. पहिल्या मुद्रणात दर सप्तकात दोन शिखरे इतरांपेक्षा उंच दिसतील. ती कोणत्या बोटाची आहेत, हे आता सांगायला नको.

पांढरी चारच्या स्केलला मात्र वेगळा नियम लागतो. तिथे काळी पाच चौथ्या जागेवर येते आणि तिसऱ्यानंतर अंगठा काळ्या पट्टीवर घ्यावा लागेल. म्हणून उजवा हात १-२-३-४-१-२-३ असा न्यावा आणि टोकाच्या सा वर करंगळीऐवजी चौथे बोट ठेवावे. डाव्या हाताचा क्रम तिथे बदलत नाही.