जोडवी घरीच काढून या

सुजलेल्या पायाचा लिम्फ स्कॅन, म्हणजे लिम्फ नावाचं अंगातलं पाणी पायातून वर नीट चढतंय का ते औषध टोचून पाहणारे फोटो, करायला सांगितलाय? मग आधी जोडवी काढा, तीही घरीच. सुई टोचायची असते अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. बोट सुजलेलं असलं की जोडवं निघता निघत नाही. गडचिरोलीकडच्या एका काकूंचं जोडवं मी साबण-दोरा घेऊन वीस मिनिटं काढत बसले होते. त्या रडवेल्या झाल्या, आणि ते काही दुखत होतं म्हणून नव्हे.

उपाशी यायची गरज नाही. डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाला असेल तर रिपोर्ट आणा. पाय लाल, गरम झालाय, ताप आहे, दिवस गेलेत किंवा बाळ अंगावर पितंय, यातलं काहीही असलं तर फोनवरच सांगा. मोजे, पट्ट्या कधी काढायच्या तेही तेव्हाच विचारून घ्या.

"चांगल्या पायाला कशाला टोचता?" हे रोज ऐकते. अहो, तुलना कशाशी करायची मग? टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं कोलॉइड, म्हणजे अतिबारीक कणांचं औषध, इन्शुलिनच्या बारीक सुईने दोन्ही पायांच्या कातडीत जातं, जेमतेम दोन-चार थेंब. लाल मुंगी चावल्यासारखं चुरचुरतं, मग थांबतं.

टोचल्यावर बसू नका, चाला. नवी होते तेव्हा एका आजोबांना दया येऊन खुर्ची दिली, चहा दिला. तासाभराने फोटोत दोन्ही पायांच्या बोटांशी नुसते ठिपके! मग व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या, तेव्हा कुठे चांगल्या पायात औषधाची रेघ जांघेपर्यंत चढली.

पहिला फोटो लगेच, मग तासाभराने, लागलाच तर तीन-चार तासांनी. डबा बरोबर असू द्या. चांगल्या पायात सहसा तासाभरात जांघेतल्या लिम्फच्या गाठी (त्या सगळ्यांनाच असतात) उजळतात. लिम्फचा रस्ता अडला असेल तर रेघ दिसत नाही, किंवा टीपकागदावर शाई पसरावी तसं औषध कातडीत पसरतं. याला आम्ही डर्मल बॅकफ्लो म्हणतो. गुडघ्यामागची गाठ उजळली तरी आमचे कान टवकारतात, कारण कातडीलगतचा रस्ता बंद म्हणून औषध खोलवरून गेलेलं असू शकतं. भलत्याच जागी ठिपका दिसला तर मी आधी चादर बदलते. सांडलेला थेंबही गाठीसारखाच चमकतो.

रस्ता अडलाय हे फोटो दाखवतो. हत्तीरोगाने की ऑपरेशनने, ते डॉक्टर तुमची हकीकत ऐकून ठरवतात.

टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग दर 6 तासांनी निम्मा होतो. त्या रात्री नातवाला शेजारी झोपवू नका. आणि जोडवी परत घालण्याआधी सोनाराकडून सैल करून घ्या.