मेडे कसा द्यायचा: घरात बसून करायची प्रॅक्टिस

मी सोलापूरचा, नोकरी जहाजावर. सुट्टीला घरी आलो की सात रस्त्याच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "समुद्रात बोट बुडायला लागली तर काय करता रे तुम्ही?" मी म्हणतो, बोलतो. सगळे हसतात. पण खरंच बोलतो, रेडिओवर "मेडे" देतो, म्हणजे जीव धोक्यात आहे, मदत पाठवा अशी हाक, आणि नीट बोलता आलं नाही तर बाकी सामान असून उपयोग नसतोय. आपल्यातली निम्मी गर्दी मे महिन्यात मालवण-तारकर्लीला बोटीत बसायला जाते, चारदोन पोरं मर्चंट नेव्हीचं बघतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी रेडिओच का ते सांगतो. मोबाईलवर तुमचं बोलणं एकटा माणूस ऐकतो, तेही रेंज असली तर. व्हीएचएफच्या (बोटीवरच्या जवळच्या टप्प्याच्या रेडिओच्या) चॅनेल 16 वर बोललात की टप्प्यातला जो जो सेट त्या चॅनेलवर चालू आहे तो प्रत्येक जण ऐकतो, आणि वाचवायला बऱ्याचदा कोस्ट गार्डच्या आधी शेजारची मच्छीमार बोटच पोचते. किनाऱ्याजवळ नेटवर्क असेल तर कोस्ट गार्डचा 1554 नंबर आहेच, तोही लावा, पण आधी रेडिओ.

सेट चालू करा, चॅनेल 16 (बऱ्याच सेटवर 16 चं वेगळं बटण असतंय), पॉवर हाय. फिक्स सेट 25 वॅटचा असतो, हातातला साधारण 5 वॅटचा. रेडिओच्या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल, त्यामुळं अँटेना जेवढी उंच तेवढं लांब ऐकू जातं, म्हणून हातातला सेट असेल तर उभं राहून, अँटेना सरळ वर धरून बोला. माईकचं बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलून झालं की बटण सोडा. हे सांगायची गरज का तर घाबरलेला माणूस बटण सोडतच नाही, आणि बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला उत्तर ऐकू येत नाही, वर आजूबाजूच्यांचं चॅनेल पण जाम.

आता काय बोलायचं. समजा बोटीचं नाव चंद्रभागा:

"मेडे मेडे मेडे. धिस इज चंद्रभागा, चंद्रभागा, चंद्रभागा. मेडे चंद्रभागा. पोझिशन वन सिक्स डिग्री झिरो टू मिनिट्स नॉर्थ, झिरो सेवन थ्री डिग्री टू टू मिनिट्स ईस्ट. सिंकिंग. रिक्वायर इमिजिएट असिस्टन्स. इलेव्हन पर्सन्स ऑन बोर्ड. ओव्हर."

एवढंच. कोण, कुठं, काय झालं, काय पाहिजे, किती माणसं. कॉलसाइन (बोटीची रेडिओवरची ओळख) आणि एमएमएसआय (बोटीच्या रेडिओचा ओळख नंबर) असेल तर नावाच्या मागं जोडा (एमएमएसआय नऊ आकडी असतो, भारतातल्या बोटींचा 419 नं सुरू होतो). इंग्रजी जमत नसेल तर "मेडे" तीनदा म्हणा आणि पुढचं सरळ मराठीत सांगा, इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका. आणि ते पिक्चरमधलं "ओव्हर अँड आऊट" विसरा, ओव्हर म्हणजे आता तू बोल, आऊट म्हणजे बोलणं संपलं, दोन्ही एकदम कसं होईल?

या सगळ्यात माणूस चुकतो कुठं, तर "कुठं" मध्येच. आपल्याला पत्ता सांगायची सवय कशी, सिव्हिलच्या पुढं आला की डाव्या हाताला, चहाच्या गाड्यासमोर. समुद्रात गाडाही नाही आणि डावा हातही कुणाचा धरायचा? ट्रेनिंगला मी स्वतः बोटीचं नाव, इंजिनची तक्रार, सगळं सांगून मोकळा झालो होतो, सरांनी शांतपणे विचारलं, "आणि तुला शोधायचं कुठं?"

त्यात मोबाईलचा एक घोळ आहे. मॅपवर सोलापूर 17.66, 75.91 असं दिसतं. हे दशांशात आहे, रेडिओवर मात्र डिग्री आणि मिनिटं सांगायची. पॉइंटनंतरच्या भागाला 60 नं गुणायचं, 0.66 गुणिले 60 म्हणजे 39.6, म्हणजे 17 डिग्री 39.6 मिनिटं. 66 मिनिटं असं काही नसतंच, ती चूक लगेच पकडली जाते. पण 17.40 ला कुणी 17 डिग्री 40 मिनिटं म्हणलं तर कुणालाच कळत नाही, खरी मिनिटं 24 असतात, 16 मिनिटांचा फरक म्हणजे 16 सागरी मैल, जवळपास 30 किलोमीटर. तुम्ही सोलापुरात बुडताय आणि शोधणारे मोहोळच्या आसपास! गुणाकार सुचतच नसेल तर "सेवनटीन पॉइंट फोर झिरो डिग्रीज" असं पॉइंटसकट वाचा. तेही नसेल तर ओळखीची जागा, दिशा आणि अंतर, "सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला पाच मैल". आज रात्री स्वतःच्या घराची पोझिशन काढून मोठ्यानं वाचा, बायको हसली तर हसू दे.

सेट डीएससीवाला (एका बटणावर संकटाचा अलर्ट पाठवणारा) असेल तर लाल झाकण उघडून बटण काही सेकंद दाबून धरायचं. चॅनेल 70 वरून आपोआप अलर्ट जातो, जीपीएस जोडलेलं असेल तर पोझिशनसकट. मग 16 वर वरचं बोलायचंच. चुकून दाबलं गेलं तर लाजून सेट बंद करू नका, 16 वर जाऊन अलर्ट कॅन्सल म्हणून सांगा, नाहीतर लोक उगाच शोधत बसतात.

मेडे फक्त जीव किंवा बोट जायची वेळ आली तरच. इंजिन बंद पडलंय पण नांगर धरून आहे, तर "पॅन पॅन" तीनदा. तोच नांगर सुटून बोट खडकाकडं निघाली की मेडे. दुसऱ्याचा मेडे ऐकला तर पहिलं काम गप्प बसणं आणि पोझिशन कागदावर लिहून घेणं. कुणीच उत्तर देत नाही असं वाटलं तर "मेडे रिले" म्हणून त्याचा निरोप तुम्ही पुढं द्या.

व्हीएचएफ किनाऱ्यापासून वीस-तीस मैलांपर्यंत, त्यापुढं जाणाऱ्या मोठ्या बोटींवर इपर्ब नावाचा संकटात चालू करायचा सेट असतो. तो 406 मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला सिग्नल देतो, आपल्याकडं तो बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येतो आणि तिथून कोस्ट गार्डकडं. मच्छीमारांसाठी इस्रोनंच डॅट नावाचं यंत्र काढलंय. चालू केलं की बंद करायचं नाही, बॅटरी वाचवायला म्हणून बंद करणारे महाभाग असतात.

उजनीचं पण सांगतो, कारण तो प्रश्न येतोच. धरणात चॅनेल 16 ऐकायला कुणी बसलेलं नाही, तिथं 112 लावायचा. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वारं सुटल्यावर फोन काढायलासुद्धा वेळ मिळत नाही, म्हणून लाइफ जॅकेट बोटीत चढायच्या आधी, पट्ट्या आवळून. जॅकेट सीटखाली आहेत म्हणणाऱ्याला म्हणायचं, काढ बे बाहेर, घालतो.