सायुलितातल्या निवांत हिवाळी सुट्टीसाठी: निघण्याआधीची यादी

सायुलितात करण्यासारखं फार काही नाही, आणि जायचं ते त्यासाठीच. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं, नायारित राज्यातलं हे गाव प्वेर्तो वायार्ता विमानतळापासून साधारण ४० किलोमीटर उत्तरेला आहे. मित्रांची सुट्टी इथे बिघडते ती बहुधा कागदपत्रं, घराची जागा किंवा पोट यांपायी. म्हणून यादीचा भर यांवरच. कपड्यांची बॅग आदल्या रात्री भरली तरी चालते.

आधी तारखा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी घरभाडी चढलेली असतात आणि आठवड्यापेक्षा कमी दिवस घर द्यायला बरेच मालक तयार नसतात. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण उलटला की गाव मोकळं होतं. तोवर पाऊस कधीच संपलेला असतो, दुपारी २७-२८ अंश, रात्री १६-१७, आणि जवळच्या बांदेरास उपसागरात हंपबॅक देवमासे मार्चपर्यंत मुक्कामाला असतात. सगळ्यांना सुट्टी मिळत असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा.

मग पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेतले मराठी मित्र इथेच फसतात: एच-१बीचं मंजुरीपत्र चालू असतं, पण पासपोर्टातला व्हिसा संपलेला असतो. मंजुरीपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. विमान कंपनी चढूच देणार नाही. अशा मित्राला वकिलातीतून मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल, आणि त्याला परतताना काय लागेल तेही आधीच पाहून ठेवा. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आय-२० वरची (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरची) प्रवासाची सही तपासावी. सगळ्यांच्या पासपोर्टातली व्हिसाची पानं एकाने तिकिटं काढण्याआधी पाहावीत, नंतर नव्हे. उतरल्यावर शिक्क्यात मुक्कामाचे किती दिवस लिहिलेत ते इमिग्रेशनच्या खिडकीपाशीच वाचा.

सामानात ई-सिगारेट नको, ती जप्त होते. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांवरही तिथे बंदी आहे, तेव्हा औषधांच्या पाकिटावरची नावं वाचा. ताजी फळं, भाज्या, बियाणं घरीच ठेवा. गोडा मसाला आणि हिंग मूळ सीलबंद पाकिटात घ्या. वीज १२७ व्होल्टची, पिना अमेरिकेसारख्या चपट्या. भारतातून थेट येणाऱ्याला अडॅप्टर लागेल. चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी, कारण गल्ल्या गोट्यांच्या आहेत आणि चाकं त्यांत तुटतात.

घर घेताना फोटोतला समुद्र पाहून भुलू नका. चौकाजवळचं घर सोयीचं, पण संगीत मध्यरात्र उलटली तरी चालू, आणि ते थांबलं की कोंबडे सुरू. टेकडीवरचं घर शांत, पण दर वेळी शंभरेक पायऱ्या किंवा भाड्याची गोल्फ गाडी. मालकाला चार प्रश्न लेखी विचारा: पायऱ्या किती, एसीची वीज भाड्यात आहे का, गरम पाण्याचा गॅस कोण भरतो, आणि खिडक्यांना जाळ्या आहेत का? जाळीचा प्रश्न डासांपेक्षाही खेखेनेस नावाच्या चिलटांसाठी महत्त्वाचा; ती पहाटे आणि सांजेला घोटे फोडून काढतात. कानात घालायचे बोळे प्रत्येकी दोन जोड्या. नायारितचे विंचू जहाल विषारी असतात, म्हणून चपला-बूट घालण्याआधी झटका. डंख झालाच तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा, प्रतिविष मिळतं.

पोटाची तयारी सगळ्यांत नेटाने करा. नळाचं पाणी प्यायचं नाही, दातही त्याने घासायचे नाहीत. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार, म्हणजे गार्राफोन, मिळतो. रिकामा दिला की भरलेला हातात. पिणं, दात, चहा धरून माणशी तीन लिटर रोज लागतं, म्हणजे आठ जणांना दिवसाला एकाहून थोडा जास्त. पहिल्याच संध्याकाळी दोन आणून ठेवा. गावातली नदी मुख्य किनाऱ्यावरच समुद्राला मिळते; मुखाजवळ पोहू नका. ओआरएसची पाकिटं माणशी सहा. अँटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मात्र बऱ्याच औषध दुकानांशेजारी स्वस्तात तपासणारा डॉक्टर असतो.

शाकाहाऱ्यांनी एवढं पाठ करावं: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, डुकराची चरबी नको. शिजवलेल्या राजम्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं, आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटतच नाही. मक्याची तोर्तिया (पातळ भाकरी), निवडुंगाची भाजी (हो, नोपाल म्हणजे निवडुंगच, आणि झकास लागतो) आणि भाजलेलं कणीस निर्धोक. कणसावरचं चीज नको असेल तर आधीच सांगा.

पैसे विमानतळावर बदलू नका. बँकेच्या एटीएममधून पेसो काढा, आणि यंत्र स्वतःच्या दराने रूपांतर देऊ करतं तेव्हा नकाराचं बटण दाबा. होकार दिलात तर दर हमखास वाईट पडतो. सणासुदीच्या शनिवार-रविवारी गावातली यंत्रं रिकामी होतात, म्हणून रोकड शुक्रवारच्या आत. कॉमन खर्चाचं पाकीट एकाकडेच द्या: पाणी, किराणा, टॅक्सी त्यातून. बिल मागितल्याशिवाय टेबलावर येत नाही. टीप १० ते १५ टक्के.

कस्टम्सनंतरच्या दालनात हसत अडवणारे लोक टॅक्सीचे नसतात, टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकणारे असतात. थांबू नका. बाहेर पडून पादचारी पूल ओलांडला की महामार्गावर सायुलिताची बस मिळते. सहाहून जास्त जण असाल तर आधी ठरवलेली व्हॅन सोपी.

समुद्रासाठी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. सर्फबोर्ड तिथेच भाड्याने मिळतो. नवख्याने मऊ बोर्ड घ्यावा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूतला पाकट मासा आधीच पळतो. काटा लागलाच तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, मग डॉक्टर. देवमासे पाहायला छोटी होडी असते; उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी.

परतीचं विमान रविवार दुपारचं असेल तर गावातून चार तास आधी निघा: वायार्ताकडे जाणारा २०० क्रमांकाचा रस्ता त्या वेळी तुंबतो.