लेकरांसोबत पहिल्यांदाच घरी पास्ता करताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात ऊन एवढं तापलं होतं की दुपारी लेकरांना ओसरीवरही सोडायची सोय नव्हती. माझी दोन आणि जावेची दोन, चार वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची. मोबाईलवर पास्त्याचा व्हिडिओ बघून चौघांनी हट्ट धरला आणि मी परात काढली. पहिला घाणा गंजातच विरघळला. वर फेस, खाली लापशी. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या खेपेला मात्र दाताखाली नीट लागेल असा पास्ता ताटात पडला. मधे काय काय चुकत गेलं ते सांगते, म्हणजे तुमची पहिली खेप वाया जाणार नाही.

पोळीची कणीक भिजवू नका

सगळ्यात मोठी चूक हीच, कारण हात सवयीनं तिकडेच जातो. चक्कीवरून दळून आणलेल्या पिठात कोंडा असतो, ते पाणी जास्त पितं आणि शिजताना सुटतं. त्यात पोळीसारखी मऊ कणीक मळली तर उकळत्या पाण्यात ती टिकत नाही. पास्त्याचं पीठ पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट लागतं. पहिल्यांदा मळताना वाटतं की हे जमणारच नाही, फारच कोरडं आहे. तिथेच आपण पाणी वाढवतो आणि फसतो. दहा मिनिटं नेटानं मळा, पीठ आपोआप एकजीव होतं.

आमचं जमलेलं प्रमाण असं: 200 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम मैदा आणि साधारण 150 मिली कोमट पाणी. आधी 130 मिलीच घाला, उरलेलं चमच्याचमच्यानं. गावातल्या दुकानात रवा बहुतेक जाडा मिळतो. तो मिक्सरमधून काढून घ्या, नाहीतर पीठ कचकचीत राहतं आणि लाटताना तुटतं. बन्सी गव्हाचा रवा मिळाला तर सोन्याहून पिवळं. बन्सी हा ड्युरम जातीचा गहू, आणि इटलीत सुकवलेला पास्ता याच जातीच्या गव्हाच्या रव्याचा करावा असा 1967 पासून कायदाच आहे. आपण पोळीला वापरतो तो लोकवन वेगळ्या जातीचा.

अंडं घालायलाच हवं, हाही एक गैरसमज. उत्तर इटलीत बोलोन्याकडे 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं घेतात, पण दक्षिणेत रवा आणि पाणी एवढ्यावरच पास्ता होतो. घरात अंडं चालत नसेल तर काही अडत नाही. लेकरं सोबत असताना तर बिनअंड्याचंच करा, कारण ती पीठ चाखणारच. तरी कच्चं पीठही पोटाला चांगलं नाही. आधीच सांगून ठेवा आणि हाताशी मुरमुरे-फुटाणे ठेवा.

पीठ मुरू द्या, आणि झाकून

मळल्याबरोबर लाटायला घेतलं की पीठ रबरासारखं आक्रसतं. मळताना गव्हातल्या प्रथिनांचा चिवट जाळा तयार होतो. तो सैल व्हायला किमान अर्धा तास लागतो. लेकरांना हा अर्धा तास जड जातो, तेव्हा तेवढ्यात त्यांना लसूण सोलायला आणि सांबार (कोथिंबीर) निवडायला बसवा. लाटताना तरीही आक्रसत असेल तर जोर लावू नका, झाकून आणखी पंधरा मिनिटं ठेवा.

झाकणं मात्र विसरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडं पीठ दहा मिनिटांत वरून वाळतं. वर पापुद्रा धरतो, आणि लाटताना त्याचे कडक तुकडे मधे येतात. ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं घाला, पंखा बंद करा. पापुद्रा धरलाच तर तो काढून टाका, हात ओला करून पीठ पुन्हा मळा.

लांब पट्ट्यांच्या नादी लागू नका

व्हिडिओत मशीनमधून सुंदर पट्ट्या निघतात. पोळपाट-लाटण्यावर तेवढं पातळ लाटणं लेकरांच्या हातून होत नाही. एकीकडे जाड, एकीकडे पारदर्शक, मग काही कच्चं राहतं आणि काही गळतं. दुसऱ्या खेपेला आमचं हेच झालं.

सासूबाई बाजेवर बसून बघत होत्या. त्या उठल्या, पिठाची करंगळीएवढी वळी केली, काडीवर गुंडाळली आणि म्हणाल्या, "हे तं आपले सरगुंडेच होय ना वं!" अगदी खरं होतं. अक्षय तृतीयेला आंब्याच्या रसासोबत आपण जे सरगुंडे खातो, त्याचीच बहीण दक्षिण इटलीत कालाब्रियाला आहे. तिथे पीठ लोखंडाच्या बारीक सळईवर वळून घेतात. रुखवतातले बोटवे आणि नखुले आठवा. बोटानं दाबून खळगा पाडायचा, हीच रीत तिकडच्या पुलियातल्या कानाच्या आकाराच्या पास्त्याचीही आहे. आपल्या आज्यांना हे सगळं येतं. त्यांना आधी बोलवा, मग व्हिडिओ लावा.

लेकरांसाठी हा प्रकार सोपा. वाटाण्याएवढी गोळी, अंगठ्यानं दाबून पुढे ओढायची, आपोआप शिंपला होतो. मोठ्यांना काडीवरचे जमतात. आमच्या अकरा वर्षांच्या पोरीची काडी पहिल्यांदा आतच अडकली. ओढली तर नळी फाटली, आणि "मोठी आई, माझा तुटला!" असं तिचं तोंड पडलं. चूक तिची नव्हती, काडीला रवा लावलेला नव्हता. प्रत्येक वेळी काडी कोरड्या रव्यात लोळवायची, पिठावर हलक्या हातानं दोनदाच फिरवायची आणि गोल गोल फिरवत काढायची. जास्त दाबलं की पीठ काडीला धरतं. भुरभुरायलाही मैद्यापेक्षा रवाच घ्या. मैदा ओलावा धरून चिकट होतो, रवा झटकला की पडतो.

तयार तुकडे एकावर एक टाकू नका, ताटात रवा पसरून सुटे ठेवा. चार वर्षांच्याचे जाडजूड गोळे वेगळ्या ताटलीत ठेवा. ते शिजायला जास्त वेळ घेतात, पण त्याच्यासमोर फेकू नका.

उकळतं पाणी आणि लेकरं

इथे मी कडक आहे. लाटणं-वळणं एका खोलीत, शिजवणं दुसरीकडे. चुलीवर करत असाल तर जास्तच जपा, कारण चुलीवरचं भांडं लेकराच्या छातीएवढ्या उंचीवर येतं. सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे भरलं भांडं उचलून पाणी ओतायचा. ते करूच नका, झाऱ्यानं पास्ता काढून घ्या. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, म्हणून गॅस पेटवायच्या आधी एक बादली भरून ठेवते. भाजलंच तर त्या जागी वीस मिनिटं गार पाण्याची धार सोडा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका. फोड आला किंवा चेहरा-हात भाजला तर सरळ दवाखाना.

पाणी कमी पडलं की लगदा होतो. 300 ग्रॅम पिठाच्या पास्त्याला तीन लिटर पाणी, लिटरमागे एक लहान चमचा मीठ. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता टाका, तोही थोडा थोडा. मी पहिल्यांदा कोमट पाण्यात सगळा एकदम टाकला होता, म्हणूनच लापशी झाली. पाण्यात तेल घालायची गरज नाही. ते वर तरंगतं, आणि मग टमाट्याचा रस पास्त्याला धरत नाही. टाकल्यावर एकदा खालून हलवा. पातळ पट्ट्या दोन-तीन मिनिटांत होतात, हाताचे जाड तुकडे पाच-सात घेतात. एक मधून तोडून बघा. आत पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे.

शिजवलेलं सगळं पाणी फेकू नका. लसणाच्या फोडणीत टमाटे शिजवून त्यात पास्ता टाकला की त्या पाण्याची एक वाटी घाला. त्यातल्या पिठामुळे रस दाट होतो आणि पास्त्याला लपेटून बसतो. चीज मिळालं नाही म्हणून बेत रद्द करू नका. दक्षिण इटलीत गरिबाघरी चीजऐवजी भाजलेल्या पावाचा चुरा घालायची रीत होती. आम्ही वरून जवसाची चटणी भुरभुरली. चौघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

उरला तर

बिनअंड्याचा पास्ता सावलीत, बाजेवर सुती कापडावर पसरून वाळवा. आपली कोरडी हवा इथे कामी येते. सरगुंड्यांसारखा कडकडीत वाळला, मोडताना टचकन आवाज आला, तरच डब्यात भरा. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, बुरशी धरते. अंड्याचा असेल तर त्याच दिवशी शिजवून संपवा.