नर्सिंग होममधली नवी एनपी: या चुका टाळा

रात्री साडेदहाचा फोन. "बाई आज जरा गोंधळल्यासारख्या वागतायत, लघवीलाही वास येतोय. युरिन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) पाठवू का?" अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये नुकत्याच लागलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः तपासणी करणाऱ्या आणि औषधं लिहिणाऱ्या नर्सला, थोडक्यात एनपीला, 'हो, पाठवा' हे सगळ्यात बिनधोक उत्तर वाटतं. दोन दिवसांनी कल्चरमध्ये ई. कोलाय निघतो, निघाला म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू होतं, पुढच्या आठवड्यात जुलाब लागतात आणि सी. डिफची, म्हणजे अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणाऱ्या जंतूची, तपासणी करावी लागते. गोंधळ मात्र होता तिथेच, कारण बाईंना पाच दिवस शौचाला झालेलीच नव्हती.

हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या नर्सेस एनपी होऊन इकडे येतात, त्यात आपल्याकडून आलेल्याही बऱ्याच असतात. हाताला सवय असते ती फोन आला की ऑर्डर देण्याची. इथे निम्म्या वेळा ऑर्डरीआधी चार प्रश्न विचारायचे असतात.

लघवीचा फोन

दीर्घकाळ नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या बायकांपैकी २५ ते ५० टक्के जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर जवळपास सगळ्यांच्याच. त्यामुळे नुसतं पॉझिटिव्ह कल्चर काहीच सिद्ध करत नाही. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेचं, आयडीएसएचं, २०१९ चं मार्गदर्शन स्पष्ट आहे: वयस्क माणूस गोंधळलाय, पण ताप नाही, रक्तदाब व्यवस्थित आहे, लघवीची नवी तक्रार नाही, तर अँटिबायोटिक देऊ नका, दुसरं कारण शोधा आणि लक्ष ठेवा.

म्हणून फोनवर विचारा: जळजळ आहे का, ओटीपोट दुखतंय का, ताप किती? तापाचा आकडा इथे वेगळा वाचायचा असतो. तोंडातलं तापमान एकदा जरी १०० फॅरनहाइटच्या वर गेलं किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांनी चढलं, तरी तो ताप धरतात. मग शौच, लघवी तुंबणं, ऑक्सिजन, साखर, वेदना आणि गेल्या आठवड्यात सुरू झालेलं नवं औषध. हे शेवटचं कोणी आपणहून सांगत नाही.

मात्र नुसतं 'नको' म्हणून फोन ठेवलात तर तीच नर्स मध्यरात्री ऑन-कॉल डॉक्टरला फोन करणार, आणि ते 'पाठवा' म्हणणार. तिच्या हातात काहीतरी द्या: पाणी पाजा, ब्लॅडर स्कॅन करून लघवी तुंबलीय का बघा, दोन दिवस दर शिफ्टला व्हायटल्स (ताप, नाडी, रक्तदाब) घ्या, अमुक झालं तर लगेच मला कळवा. मुलीचाही फोन येतोच, "मॉमला यूटीआय (लघवीचा संसर्ग) झाला की ती अशीच वागते." तो नर्सवर ढकलू नका, स्वतः बोला. आणि ताप, थंडी वाजणं किंवा घसरलेला रक्तदाब असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून उपचार सुरू करायचे. कॅथेटरवाल्यांच्या बाबतीत संसर्गाचा संशय आणखी लवकर घ्यायचा.

हॉस्पिटलहून आलेली यादी

पेशंट येतो शुक्रवारी संध्याकाळी, वीसेक औषधांची यादी घेऊन. 'जसं आहे तसं चालू ठेवा' ही दुसरी चूक. आयसीयूत पोटाला संरक्षण म्हणून दिलेलं पँटोप्राझोल, डिलिरियमसाठी (अचानक आलेल्या गोंधळासाठी) रात्री दिलेलं क्वेटियापिन, झोपेची गोळी, साखरेच्या आकड्यानुसार डोस बदलणारं स्लायडिंग स्केल इन्सुलिन, बद्धकोष्ठ करणारं वेदनाशामक ऑक्सिकोडोन चालू पण रेचक नाही: हे सगळं थांबवायचं कुणी सांगितलं नाही म्हणून वर्षभर चालू राहू शकतं. उलटंही होतं. थायरॉइडची गोळी यादीतून गळते, किंवा प्रोसीजरसाठी बंद केलेलं रक्त पातळ करणारं औषध पुन्हा सुरूच होत नाही. हॉस्पिटलची यादी आणि घरची यादी शेजारी ठेवून प्रत्येक औषधापुढे कारण लिहा. कारण सापडत नसेल तर हॉस्पिटलला फोन लावा. कंटाळवाणं काम आहे, पण या नोकरीतला सगळ्यात उपयोगी तास तोच.

औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, हा प्रकार इथे पावलोपावली दिसतो. अॅम्लोडिपिनने (रक्तदाबाची गोळी) पाय सुजतात, म्हणून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड. त्याने सारखी लघवी, म्हणून ऑक्सिब्युटिनिन. त्याने गोंधळ, आणि मग कुणीतरी डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) डोनेपेझिल लिहितं. नवी तक्रार दिसली की आधी औषधांचा चार्ट उघडा.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, तोही फसवतो. ८८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन ०.९ आलं तर लॅब त्यावर कसलीच खूण करत नाही. वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, मिनिटाला २९ मिलिलिटरच्या आसपास येतो. अंगात स्नायूच उरले नाहीत, तर क्रिएटिनिन वाढणार कुठून? गॅबापेंटिन किंवा नायट्रोफ्युरँटोइन लिहिण्याआधी हा हिशेब स्वतः करा.

संध्याकाळची आरडाओरड

चार-पाच वाजले की डिमेन्शियाच्या वॉर्डात गडबड सुरू होते. स्टाफ कमी, कोणी मारतंय, कोणी दार वाजवतंय, आणि नर्स म्हणते, "काहीतरी पीआरएन (गरज पडेल तेव्हा द्यायचं औषध) द्या." डिमेन्शियात अँटिसायकोटिक (क्वेटियापिनसारखं औषध) दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, हा ठळक चौकटीतला इशारा एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) नव्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्यांवर २००८ मध्ये टाकला. शिवाय केंद्राचा नियम आहे: पीआरएन अँटिसायकोटिकची ऑर्डर १४ दिवसांपुरतीच, आणि नव्याने लिहायची तर लिहिणाऱ्याने पेशंटला प्रत्यक्ष तपासूनच. फोनवर वाढवून दिलेली ऑर्डर नर्सिंग होमच्या तपासणीला आलेले सरकारी सर्व्हेयर हमखास पकडतात. लोराझेपामसारख्या मनावर परिणाम करणाऱ्या इतर पीआरएन औषधांनाही १४ दिवसांची मर्यादा आहे, फक्त कारण आणि मुदत लिहून ती वाढवता येते. हॉस्पिसच्या (आयुष्याच्या अखेरच्या काळजीतल्या) पेशंटलाही हाच नियम, हे अनेकांना माहीत नसतं.

अशा वेळी सीएनएला, म्हणजे पेशंटची रोजची आंघोळ-जेवण बघणाऱ्या नर्सिंग असिस्टंटला, गाठा. तिला माहीत असतं की आजोबा फक्त आंघोळीच्या वेळी मारतात, किंवा उजवा खांदा हलवला की ओरडतात. खांदा दुखत असेल तर नियमित वेळेला अॅसिटामिनोफेन देऊन बघा. मी स्वतः राउंडची सुरुवात सीएनएपासूनच करते. चार्टमध्ये यातलं क्वचितच काही उतरतं.

कोणाला विचारायचं

आपल्या लोकांची एक खास अडचण इथे सांगायला हवी. भारतात घरच्या थोरल्या मुलाशी बोललं की काम झालं, अशी आपल्याला सवय. इथे पेशंटला समज आहे तोवर निर्णय त्याचाच. हेल्थ केअर प्रॉक्सीचा, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेल्या व्यक्तीचा, अधिकार ती समज गेल्यावर सुरू होतो, आणि ती प्रॉक्सी रोज भेटायला येणारी मुलगीच असेल असं नाही. कागद बघा. डीएनआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर सीपीआर करू नका, एवढंच. न्यूमोनियाचा उपचार नको असा त्याचा अर्थ नाही. पेशंटला अॅम्ब्युलन्समध्ये घालण्याआधी पोल्स्टचा, म्हणजे कोणते उपचार हवेत-नकोत याच्या लेखी ऑर्डरींचा, फॉर्म वाचा. पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात पोटातून नळी घालण्याऐवजी हाताने भरवावं, असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचं म्हणणं आहे. हे बोलणं वजन उतरू लागताच सुरू करा: महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के ही इथली धोक्याची रेघ.

दुसरी अडचण डॉक्टरची वाट बघण्याची. आता ऑर्डर तुमची आहे. अडलं तर जरूर विचारा, पण 'सर, काय करू?' असं नको. 'मला असं वाटतं, मी हे करतेय, काही सुटलंय का?' असं विचारा.

व्हिजिटचे नियम

स्किल्ड नर्सिंगमधल्या, म्हणजे रोज नर्सिंग किंवा थेरपी लागणाऱ्या, पेशंटची पहिली सविस्तर व्हिजिट डॉक्टरचीच. त्याआधी पेशंट आजारी पडला तर तुम्ही बघू शकता, पण ती पहिली व्हिजिट म्हणून लिहायची नाही. पुढे पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी, मग दर ६० दिवसांनी, १० दिवसांची सवलत धरून, डॉक्टर आणि एनपी आलटून पालटून. अधिकार राज्यागणिक बदलतात: वॉशिंग्टनमध्ये तुम्ही स्वतंत्र, टेक्सासमध्ये डॉक्टरशी लेखी करार केल्याशिवाय औषधच लिहिता येत नाही.

करारावर सही करण्याआधी दिवसाला किती व्हिजिट अपेक्षित आहेत, रात्रीचे फोन कोण घेणार, सुरुवातीचे महिने सोबत कोण असणार आणि सहकारी डॉक्टर किती वेळात फोन उचलतात, हे विचारा. उत्तरं लेखी मागा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरी नोकरी बघा.