हिवाळ्यात कायाकवरून पिकरेल: चेसापीकच्या खाड्यांत गळ टाकताना

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या सेव्हर्न, मॅगोथी यांसारख्या नद्यांच्या चिंचोळ्या खाड्यांत डिसेंबर ते फेब्रुवारी हे चेन पिकरेलचे दिवस. बाकीचे बरेच मासे थंडीने सुस्तावतात. पाइकच्या कुळातला हा मासा मात्र चार-पाच अंश सेल्सिअसच्या पाण्यातही खातो. अंगावर साखळीसारखी नक्षी, डोळ्याखाली उभी काळी रेघ, बदकाच्या चोचीसारखं लांबट तोंड आणि त्यात सुईसारखे दात. उथळ, संथ पाण्यात आडोसा धरून बसणाऱ्या या माशापर्यंत आवाज न करता पोचायला कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती छोटी होडी, उत्तम.

आधी थंड पाण्याचं बघू, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट आहे. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर ठरवायचे. ऊन पडलेलं असलं तरी ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख, हवाच. आत लोकर किंवा फ्लीस, सुती काहीही नको. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागते आणि श्वासावर ताबा राहत नाही. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात. थंडीने शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर माणूस तिथवर टिकतच नाही. म्हणून जॅकेट बांधलेलं आणि अंगात. सीटमागे खोचलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. ड्रायसूटची झिप शेवटच्या दातापर्यंत ओढली आहे ना, हे बोटाने चाचपून बघावं. अर्धा सेंटीमीटर उघडा राहिला तरी पाणी आत शिरतं. मग किनाऱ्यावरच उकिडवं बसून गळ्याचं रबर बोटाने जरा ओढायचं, आतली हवा निघून जाते. वॉटरप्रूफ पिशवीतला फोन आणि शिट्टी जॅकेटच्या खिशात ठेवायची, कायाकच्या कप्प्यात नाही. उलटल्यावर परत चढण्याचा सराव मात्र कोमट पाण्यात, उन्हाळ्यातच करून ठेवायचा.

आता पाण्याची पातळी. सेव्हर्नच्या मुखावरच्या ॲनापोलिस शहरापाशी भरती-ओहोटीतला फरक सरासरी फूटभरच असतो, त्यामुळे इथे चंद्रापेक्षा वाऱ्याचं जास्त चालतं. थंडीची लाट आली की वायव्येचा वारा उपसागरातलं पाणी दक्षिणेकडे ढकलतो आणि पातळी भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा फूट-दोन फूट खाली जाते. म्हणून निघण्याआधी नुसता तक्ता बघून भागत नाही. नोआच्या (अमेरिकेच्या सरकारी हवामान आणि समुद्र संस्थेच्या) जवळच्या केंद्राची त्या क्षणाची पातळी बघावी आणि तक्त्याशी ताडून घ्यावी. पाणी उतरत असेल तर परतीला धक्क्यासमोर चिखल उघडा पडलेला असतो. त्यात पाय टाकून कायाक ओढायचा मोह धोक्याचा: गुडघाभर रुतलेला पाय ड्रायसूटसकट सुटत नाही. अशा वेळी पक्क्या तळाची दुसरी उतरायची जागा आधीच हेरलेली असावी.

हीच उतरलेली पातळी माशाचा ठावठिकाणाही सांगते. उथळ भागातलं पाणी गेलं की पिकरेल वळणावरच्या खोल डोहांत, खाजगी धक्क्यांजवळच्या खोदलेल्या जागांत आणि पडलेल्या झाडांच्या बाहेरच्या टोकांशी गोळा होतो. दीड ते तीन मीटर खोली, प्रवाह मंद आणि जवळ काही आडोसा, असं ठिकाण शोधावं. पाणी नेहमीइतकं असेल तर ओहोटीच्या वेळी छोट्या ओहोळांच्या तोंडाशी जावं, कारण बारीक मासे तिथून बाहेर पडतात. निरभ्र दिवशी घाई नको. उत्तरेकडचा काठ दक्षिणेच्या उन्हात असतो. तिथलं काळ्या तळाचं पाणी दुपारपर्यंत एखाद-दोन अंशांनी तापतं आणि तेवढ्याने फरक पडतो.

सहा ते सात फुटांची मध्यम-हलकी स्पिनिंग रॉड, 10 पाउंडाचा ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे 20 पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर (गळाआधीचा चिवट दोरीचा तुकडा), हातभर लांब. लीडर दातांवर घासून पांढरा पडतो. प्रत्येक माशानंतर नखाने चाचपून खरखरीत भाग कापून टाकायचा. एकअष्टमांश औंसाच्या जिगवर (वजन जडवलेल्या गळावर) तीन-चार इंचाचं पॅडलटेल, म्हणजे चपट्या शेपटीचं मऊ नकली आमिष, बहुतेक दिवस पुरतं. पाणी फारच गार असेल तर तरंगत्या बुचाखाली जिवंत मिनो (बारीक मासा), तळापासून हातभर वर. तीन तोंडांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. जाड हातमोज्यांनी मासा सोडवताना त्याचं मोल कळतं.

बहुतेकांचं चुकतं ते ओढण्याच्या वेगात. जिग तळाला टेकू द्यायचा, रीलचे दोन सावकाश फेरे, मग तीन-चार सेकंद थांबायचं. चावा बहुधा थांबल्यावरच येतो, तोही झटक्यासारखा नाही: दोरी नुसती जड होते किंवा बाजूला सरकते. पिकरेल पाठलाग करत कायाकपर्यंत येतो, म्हणून आमिष शेवटच्या मीटरभरात भर्रकन उचलू नये; तिथेही क्षणभर थांबवावं.

नांगर नेहमी टोकाला बांधायचा, बाजूला नाही. प्रवाहाने बाजूचा दोर ताणला की कायाक कलंडते. उथळ पाण्यात चिखलात रोवायचा खांब अधिक सोयीचा.

मासा रबरी जाळीत घेऊन जाळी पाण्यातच ठेवावी आणि लांब नाकाच्या पकडीने गळ काढावा. कल्ल्यांत बोट घालू नये: माशाला इजा होते आणि बोटही सोलवटतं. हवा शून्याखाली असेल तर फोटोसाठी बाहेर धरू नये, ओले कल्ले गोठतात. अशा सकाळी रॉडच्या कड्यांतही बर्फ धरतो. रॉडचं टोक पाण्यात बुडवून तो वितळवावा, नखाने खरवडू नये. खाडीच्या डोक्याशी पाण्यावर काचेसारखा पापुद्रा दिसला तर तिथूनच मागे फिरायचं. तो वल्ह्याने फुटतो, पण त्यात उलटलात तर धरायला काही नसतं.

मार्चच्या सुमारास पाणी आठ-दहा अंशांवर गेलं की पिकरेल पाणवनस्पतींवर अंडी घालतो. त्याआधीच्या आठवड्यांत पोट फुगलेल्या माद्या मिळतात. त्या सोडून द्याव्यात. परवाना, किमान लांबी आणि बंदीच्या तारखा मेरीलँडच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या चालू वर्षाच्या नियमांतून बघाव्यात, कारण भरतीच्या आणि गोड्या पाण्याचे नियम वेगवेगळे छापलेले असतात.